कुष्ठरुग्णांच्या वस्तीत डोळे कसले तपासता?

माझ्या नोकरीतला बराच काळ कुष्ठरुग्णांच्या वसाहतींत डोळे तपासण्यात गेला. त्यामुळे लग्नकार्यात असो की एसटीत, प्रश्न ठरलेला: ‘कुष्ठरोग तर कातडीचा. तिथे डोळ्यांचं काय काम?’ ओळखीचे लोक आणखी एक विचारतात: ‘तुम्ही सारखं नाव घेता तो जपानी डॉक्टर कोण?’ दोन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून तुम्ही विचारलंत तर सविस्तरच सांगते.

कुष्ठरोग मुळात मज्जातंतूंचा. चट्टा दिसतो म्हणून कातडीचा वाटतो, एवढंच. त्याच्या जंतूंना शरीरातले थंड भाग मानवतात: नाक, कानाच्या पाळ्या, हातापायांची बोटं, डोळ्याचा पुढचा भाग. चेहऱ्याचा मज्जातंतू निकामी झाला की पापणी पुरती मिटत नाही. बुबुळाला संवेदना देणारा दुसरा तंतू गेला की डोळ्यात कुसळ गेलेलंही कळत नाही. तपासताना आम्ही कापसाची बारीक वात करून बाजूने हळूच बुबुळाला टेकवतो. तुमची-आमची पापणी तेवढ्यात पटकन मिटते. एका आजींच्या डोळ्याला मी वात टेकवली, तर त्या नातवाच्या दहावीच्या मार्कांबद्दल बोलतच राहिल्या. पापणी हलली नाही. त्याच डोळ्यात फूल पडायला लागलं होतं, आणि आजींची काही म्हणता काही तक्रार नव्हती.

बधिर हाताच्या माणसाला आपलं बोट चुलीला लागतंय हे डोळ्यांनीच कळतं. त्याचे डोळे गेले की हातही उरत नाहीत. एरवी अंध माणूस बोटांनी चाचपून जग ओळखतो, ब्रेल वाचतो. इथे बोटांना काही कळतच नाही. जपानच्या नागाशिमा बेटावर अशा रुग्णांनी 1953 मध्ये हार्मोनिका वाजवणाऱ्यांचं पथक काढलं, आणि त्यासाठी ब्रेलमधली स्वरलिपी ते जिभेने वाचायला शिकले. ठिपके टोचून जीभ सोलवटायची, तरी वाचायचे.

मी सारखं नाव घेते ते जपानी डॉक्टर, मामोरू उचिदा (1900–1982), हे त्याआधीच्या पिढीतले. कुमामोतोचे, शिक्षणाने नेत्रतज्ज्ञ आणि स्वतः कवी. आधी क्यूशूच्या कुष्ठरुग्णालयात आणि मग याच नागाशिमा बेटावरच्या ‘आइसेइएन’ या सरकारी रुग्णालयात त्यांनी काम केलं. तेव्हा औषध म्हणून मुख्यतः चौलमुग्राच्या तेलाची इंजेक्शनं देत. आपल्या कोकणात कडू कवठ होतं ना, त्याच जातकुळीतल्या झाडाच्या बियांचं तेल. इंजेक्शन दुखायचं फार आणि गुण बेताचा. आज समोर बसलेल्या माणसाची नजर आपल्या हातून वाचणार नाही, हे त्या डॉक्टरांना कितीदा आधीच दिसलं असेल!

उचिदांनी रुग्णांना तांका लिहायला शिकवलं. तांका म्हणजे 5-7-5-7-7 अशा 31 अक्षरांची छोटी कविता. दिसत नाही आणि लेखणीही धरता येत नाही, अशा माणसाला एवढी कविता मनात घोळवता येते, दुसऱ्याला सांगून उतरवून घेता येते. डोळ्यांच्या डॉक्टरला हे सुचावं, याचं मला आजही भरून येतं.

काइजिन आकाशी या टोपणनावाने लिहिणारा त्यांचा एक रुग्ण पूर्वी शाळामास्तर होता. घरी बायको, मुली. 1936 साली त्याची दृष्टी गेली. 1938 मध्ये श्वासासाठी गळ्याला छेद द्यावा लागला आणि आवाजही गेला. उचिदांनी खटपट केली आणि 1939 च्या सुरुवातीला त्याच्या कवितांचा संग्रह निघाला, देशभर हातोहात खपला. त्याच वर्षी जूनमध्ये आकाशी वारला. वय 37.

एक गोष्ट मात्र मला खुपते, ती बाजूला ठेवून मी उचिदांचं कौतुक करणार नाही. नागाशिमा आणि मुख्य भूमी यांच्यात एका ठिकाणी जेमतेम 30 मीटर पाणी आहे. तेवढं ओलांडून परत जायची मुभा रुग्णांना नव्हती. 1931 च्या कायद्याने देशातल्या सगळ्याच कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळं ठेवायचं ठरवलं. रुग्णालयात लग्न करायचं तर आधी नसबंदी. गुणकारी औषधं आल्यावरही हे चालूच राहिलं. बेटावर पूल झाला 1988 मध्ये, कायदा रद्द झाला 1996 मध्ये, आणि 2001 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी ठरवलं. उचिदा याच व्यवस्थेचे पगारी डॉक्टर होते. आकाशीच्या कविता बेटाबाहेर गेल्या, आकाशी गेला नाही. उचिदांचा मोठेपणा मी मानते, पण हे धरूनच मानते.

यावर लोक म्हणतात, आता गोळ्यांनी रोग बरा होतो, मग कसली काळजी? बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात हे खरं, आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. पण पूर्ण मेलेला मज्जातंतू गोळ्यांनी परत येत नाही. कोर्स संपून वीस वर्षं झालेल्या माणसाचीही पापणी अर्धी उघडी राहते आणि बुबुळ कोरडं पडत जातं. त्याला ठरवून, घट्ट पापण्या मिटायची सवय लावावी लागते. रात्री डोळा झाकून झोपायचं, रोज आरशात बघायचं, गरज पडली तर पापणीची कड शिवून घ्यायची. तुमच्या घरात, शेजारीपाजारी असं कोणी असेल आणि त्याचा डोळा लाल दिसत असेल, तर ‘दुखत नाही’ म्हणाला तरी त्याच दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.