विल्किन्सन आणि अठरा समीकरणं

ब्रिटिश गणितज्ञ जेम्स हार्डी विल्किन्सन 1946 मध्ये इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत रुजू झाले. अर्धा वेळ ॲलन ट्युरिंग यांच्यासोबत नव्या संगणकाच्या आराखड्यावर आणि अर्धा वेळ डेस्क कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करणाऱ्या विभागात, अशी कामाची वाटणी होती. लवकरच या विभागाकडे 18 अज्ञातांची 18 समीकरणं सोडवायला आली. संख्यात्मक रेषीय बीजगणिताला, म्हणजे अशी समीकरणं आकडेमोडीने सोडवण्याच्या शास्त्राला, आज जे वळण आहे, त्याचा बराचसा उगम या एका गणितात आहे.

तेव्हा गाउसच्या निरसन पद्धतीबद्दल, म्हणजे एकेक अज्ञात काढून टाकत जाण्याच्या रीतीबद्दल, वातावरण भीतीचं होतं. संख्याशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी 1943 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार राउंडिंगची चूक प्रत्येक अज्ञातामागे चौपट वाढू शकते. 18 अज्ञातांसाठी 4 चा 17 वा घात, म्हणजे 1,700 कोटींहून जास्त पट. दहा आकडी यंत्रावर एवढी वाढ झाली तर उत्तरातला एकही आकडा भरवशाचा राहणार नाही. ट्युरिंग यांनाही हे जमणार नाही असंच वाटत होतं. शिवाय कॅल्क्युलेटरवर त्यांचा हात फारसा बसलेला नव्हता.

तरी लॅबोरेटरीतले सहकारी फॉक्स आणि गुडविन, शिवाय ट्युरिंग आणि विल्किन्सन कामाला लागले. पद्धत पूर्ण पिव्होटिंगची: प्रत्येक पायरीला उरलेल्या सगळ्या सहगुणकांमधला सर्वांत मोठा शोधायचा आणि त्यानेच निरसन करायचं. सुरुवातीचे सहगुणक साधारण 1 च्या आसपासचे. शेवटच्या समीकरणात उरलेला सहगुणक मात्र 0.0001 च्या घरात आला, म्हणजे चार आकडे वजाबाकीत गेले. आता उत्तर बिघडणार, अशीच अपेक्षा. पण उत्तरं मूळ समीकरणांत परत घातली तेव्हा उरलेला फरक, म्हणजे रेसिड्युअल, दहाव्या दशांश स्थळाचा निघाला. अचूक उत्तर दहा आकड्यांपुरतं राउंड करून घातलं असतं तरी फरक एवढाच आला असता.

रेसिड्युअल लहान आलं म्हणजे उत्तर बरोबर, असं मात्र नाही. म्हणून त्यांनी उत्तर सुधारण्याच्या एक-दोन फेऱ्या केल्या. पद्धत आजही तीच आहे. रेसिड्युअल दुप्पट आकड्यांत काढायचं, ते उजव्या बाजूला ठेवून आधीच्याच निरसनाचे गुणक वापरून दुरुस्ती काढायची आणि ती उत्तरात मिळवायची. 18 समीकरणांचं निरसन सुमारे 1,900 गुणाकारांचं, तर एक फेरी साधारण 650 ची. रेसिड्युअल दुप्पट आकड्यांत काढलं नाही, तर जवळपास सारख्या संख्यांच्या वजाबाकीत राउंडिंगचा कचराच हाती उरतो आणि उत्तरात नवे बरोबर आकडे मिळत नाहीत. या फेऱ्यांवरून कळलं की पहिल्याच उत्तरात जवळजवळ सहा आकडे बरोबर होते. दहातून चार गेले, सहा राहिले.

विल्किन्सन यांनी यातून प्रश्नच उलटा करून ठेवला. मिळालेलं उत्तर खऱ्या उत्तरापासून किती लांब आहे, हे विचारण्याऐवजी ते कोणत्या समीकरणांचं अचूक उत्तर आहे, हे विचारायचं. ती समीकरणं मूळ समीकरणांपासून दहाव्या आकड्याइतकीच वेगळी असतील, तर पद्धतीने आपलं काम चोख केलं. त्यापुढचं नुकसान त्या गणिताच्या स्वभावामुळे होतं, त्याचं खापर पद्धतीवर फोडायचं नाही.

पद्धतीचाच दोष कसा दिसतो, तेही पाहा. तीन आकडी आकडेमोडीत ही दोन समीकरणं घ्या: 0.0001 क्ष + य = 1 आणि क्ष + य = 2. पहिल्या समीकरणाने निरसन केलं तर गुणक, म्हणजे पहिलं समीकरण ज्याने गुणून दुसऱ्यातून वजा करायचं ती संख्या, 10,000 येतो. दुसऱ्यात −9,999 य = −9,998 उरायला हवं, पण तीन आकड्यांत दोन्ही बाजू −10,000 होतात. य = 1 आणि मग क्ष = 0. खरं उत्तर दोन्हींसाठी जवळपास 1 आहे. अवाढव्य गुणकाखाली दुसऱ्या समीकरणातले 1 आणि 2 पार पुसले गेले. समीकरणांची अदलाबदल करा, गुणक 0.0001 होतो आणि दोन्ही उत्तरं 1 येतात. बस, एवढाच फरक.

गणिताच्याच स्वभावाचं विल्किन्सन यांचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 1 ते 20 ही मुळं असलेल्या बहुपदीचं आहे. मुळं इतकी सुटी, की कुणालाही ती सुरक्षित वाटतील. पण क्षच्या 19 व्या घाताचा सहगुणक −210 आहे. त्यात 2 च्या −23 व्या घाताएवढा, म्हणजे सुमारे 0.00000012 इतका फरक करा. 1 ते 5 ही मुळं जागची हलत नाहीत. 9 चं मूळ 8.917 होतं, 20 चं 20.847. आणि 10 ते 19 ही दहा मुळं चक्क काल्पनिक भाग घेऊन येतात, त्यातली एक जोडी 16.73 ± 2.81i. कारण साध्या विकलनातून कळतं: सहगुणकातल्या बारीक फरकाला 16 हे मूळ सुमारे 240 कोटी पटीने प्रतिसाद देतं, तर 1 हे मूळ 19! ने भागलेल्या एका इतकंच.

म्हणून मॅट्रिक्सची (संख्यांच्या चौकटीची) आयगेनव्हॅल्यू, म्हणजे ती मॅट्रिक्स एखाद्या सदिशाला दिशा न बदलता जितक्या पटीने ताणते ती संख्या, काढायला आधी बहुपदी तयार करून तिची मुळं शोधणं, ही अजूनही अनेक वर्गांत शिकवली जाणारी रीत, दोन-तीन ओळींच्या मॅट्रिक्सपलीकडे नेऊ नये. त्याऐवजी सममित मॅट्रिक्स (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी) आधी मधल्या तीन कर्णांपुरती आणायची आणि मग क्यूआर पद्धत चालवायची: मॅट्रिक्सचे दोन अवयव पाडायचे, ते उलट क्रमाने गुणायचे, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. त्यात प्रत्येक फेरीला उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या 2×2 तुकड्याची, शेवटच्या कर्णघटकाला जवळची आयगेनव्हॅल्यू वजा करतात. हाच विल्किन्सन शिफ्ट. हे सगळं त्यांच्या 1965 च्या आयगेनव्हॅल्यूंवरच्या ग्रंथात आहे. राइन्श यांच्यासोबत 1971 मध्ये त्यांनी छापलेल्या, अल्गोल या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅमांवरून आइसपॅक हा आयगेनव्हॅल्यू काढणारा प्रोग्रॅम-संच उभा राहिला आणि पुढे लॅपॅक या रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीने तो वारसा चालवला. 1970 मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ज्यांच्या नावाचा तो पुरस्कार, त्यांच्याच शेजारी बसून त्यांनी ती अठरा समीकरणं सोडवली होती.

त्यांची कसोटी आज तपासायला दोन मिनिटं पुरतात. समीकरणं सोडवल्यावर रेसिड्युअलच्या नॉर्मला (आकारमान मोजणाऱ्या संख्येला) सहगुणकांच्या मॅट्रिक्सचा नॉर्म गुणिले उत्तराचा नॉर्म, अधिक उजव्या बाजूचा नॉर्म, याने भागा. भागाकार 10 च्या −16 व्या घाताच्या आसपास आला, तर लायब्ररीची चूक शोधत बसू नका. मग कंडिशन नंबर पाहा, म्हणजे समीकरणांतला बारीक फरक उत्तरात किती पट वाढू शकतो ती संख्या. तो 10 चा 12 वा घात असेल, तर संगणकाच्या सोळा आकड्यांपैकी चारच आकडे तुमचे, आणि छापताना तेवढेच छापा.