आमची वाटचाल : शेवटचा हात तुमचा

आमच्याकडे नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात सुरी देत नाही, लांब सुईचा थर्मामीटर देते. पेल्यात बर्फाचा चुरा, वर जेमतेम बुडेल एवढं पाणी, त्यात सुई धरायची आणि काटा 0 वर येतो का पाहायचं. नाही आला तर डायलमागचा नट फिरवून आणायचा. रोज सकाळी, चहाच्या आधी. पोरं हसतात. हसू देत. हे यंत्र आधी घेतलं असतं तर खालचं अर्धंअधिक लिहावंच लागलं नसतं.

आम्ही जेवण विकत नाही. फोनवर हे इतक्या वेळा सांगितलंय की घरातल्यांना पाठ झालंय. आम्ही उन्हाळ्याच्या जेवणाची अर्धी तयारी विकतो. शिजवलेले काबुली चणे, राजमा, धुऊन खडखडीत कोरडी केलेली सॅलडची पानं, खारवून पिळलेली काकडी, ड्रेसिंगच्या दोन छोट्या बाटल्या आणि कृतीचं एक कार्ड. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसानं पंधरा मिनिटांत ताटावर बसावं, शेगडी पेटलीच तर एकच आणि तीही दहा मिनिटं. पण मीठ-लिंबू त्याचं त्यानंच घालायचं, चवही त्यानंच बघायची. डब्यावर म्हणूनच छापलंय : शेवटचा हात तुमचा.

ही सगळी वन्संची देणगी. माझी नणंद तेव्हा रात्री आठला कामावरून यायची आणि फ्रीजचं दार उघडं टाकून समोर फरशीवर बसायची. "वहिनी, भूक आहे गं, पण शेगडीपुढे उभं राहवत नाही." आणि मग बिस्किटं. एकदा मी पास्ता उकळायला टाकला आणि तो होईतो चार पिकलेले टोमॅटो आडवे कापून किसणीवर कापलेल्या बाजूनं किसले. गर खाली पडतो, साल हातात राहते. त्यात मीठ, ठेचलेला लसूण, भरपूर तेल. गरमागरम पास्ता त्या कच्च्या गरावर ओतला, झाकला, दोन मिनिटांनी हलवला. बारा मिनिटं लागली असतील. तिनं दोनदा घेतलं. तेच आमचं कार्ड क्रमांक 1. आजतागायत त्यातला शब्द बदललेला नाही. (लसूण मात्र आयत्या वेळी ठेचा. कच्चा लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवायची सवय असेल तर आजच सोडा. हवा न लागणाऱ्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, आणि त्याला वास येईलच असं नाही.)

भांडवल म्हणजे माझं सोनं आणि तिची बचत. त्यातून आलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे पानं गरगरवून वाळवणारा स्पिनर, वीस लिटरचा, हातानं फिरवायचा. लोक विचारतात, एवढा खर्च पानं वाळवायला? अहो, ओल्या पानावर तेल ठरत नाही. घसरून तळाशी जातं, वर नुसतं पाणचट गवत उरतं. शिवाय ओली पानं दुसऱ्या दिवशी काळी पडून चिकट होतात. तीच पानं कोरडी करून, डब्यात कापड घालून ठेवली तर चार दिवस बघावं लागत नाही. स्पिनरची मूठ दोनदा बदलली, भांडं अजून तेच आहे. फिरताना त्याचा घुंई आवाज सुरू झाला की मला बरं वाटतं.

पहिला उन्हाळा छान गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका कार्यालयाची 120 डब्यांची मागणी आली. चणे नेहमीच्या दुप्पट शिजवले, चाळीस लिटरच्या पातेल्यात. रात्रीचे अकरा वाजलेले, ट्रे सगळे राजम्यात अडकलेले. वन्सं म्हणाली, "थांब, राजमा उतरवू, ट्रे धुऊ, चणे पसरू." मी म्हटलं, थंड खोली कशासाठी घेतलीय? सकाळपर्यंत होतील गार. झाकण लावलं आणि पातेलं तसंच आत ढकललं.

या धंद्यातल्यांना पुढचं कळलंच असेल. सकाळी वरचे चणे हाताला गार लागले, म्हणून पोरांनी वरून भरायला सुरुवात केली. चाळीस डबे गाडीत गेल्यावर डाव खोल गेला आणि वाफाळ ऊब वर आली. मधले चणे अंघोळीच्या पाण्याइतके कोमट होते, कडेला बारीक फेस. खोल भांड्यात बाहेरचा थर गार होतो आणि आतल्या उष्णतेला गोधडीसारखा गुरफटून ठेवतो. 5 ते 60 अंश या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात, आणि आमचे चणे रात्रभर नेमके तिथेच लोळत होते. त्यात त्या पातेल्यानं अख्खी खोली तापवली. दारावरचा आकडा 14 दाखवत होता. पानं, दही, काकडी, ड्रेसिंग, सगळंच संशयात. सगळं टाकलं. मी स्वतः पिशव्या बांधल्या, एकीलाही हात लावू दिला नाही.

चाळीस डब्यांतले एकतीस परत मिळाले. दोघांची पोटं बिघडली, दुसऱ्या दिवशी बरी झाली. त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. कार्यालयानं पैसे दिले नाहीत, ते बरोबरच होतं. थंड खोलीचे हप्ते तेवढे चालू राहिले.

आणि एक गोष्ट, जी मी बरीच वर्षं सांगत नव्हते. पोरांनी विचारलं, पातेलं कुणी ठेवलं? मी म्हटलं, काल रात्रीची जबाबदारी वन्संची होती. ती समोरच उभी होती. काही बोलली नाही. महिन्याभरात तिनं पुन्हा नोकरी धरली.

आता त्या दुसऱ्यांबद्दल. नाव घेणार नाही, घ्यायची गरजही नाही. आमच्याकडून शिजवलेली कडधान्यं किलोनं नेणारे आमचेच गिऱ्हाईक. आम्ही आडवे पडलो आणि पंधरा दिवसांत त्यांचे डबे आले. तशाच दोन बाटल्या, तसंच कार्ड. माझ्या कार्ड 4 वर छपाईची एक चूक होती : काकडीला मीठ लावून 15 मिनिटं ठेवा, याऐवजी 15 दिवस. त्यांच्याही कार्डावर काकडी 15 दिवस! मी ते कार्ड जपून ठेवलंय. पुढे त्यांनी तयार जेवणच विकायला काढलं, वर "घरच्यासारखं". घरच्यासारखं म्हणजे घरचं नव्हे, एवढं तरी लोकांना कळावं. पण त्यांची गाडी मोठी आहे आणि माझी लहान.

तगलो ते एका बाईंमुळे. रात्रपाळीच्या नर्सताई, पहिल्या उन्हाळ्यापासूनच्या. त्या चाळिसांत त्यांचाही डबा होता. उघडला, हुंगला, बाजूला ठेवला आणि मला फोन केला. मी रडवेल्या आवाजात पैसे परत करते म्हणू लागले. त्या म्हणाल्या, "पैशांचं राहू द्या. किती खोल भांड्यात गार केलंत?" दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून त्या थेट आमच्याकडे आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि शिकवलं : 5 सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको, ट्रे बर्फाच्या पाण्यावर ठेवायचा, हलवत राहायचं, 2 तासांत 21 अंश, पुढच्या 4 तासांत 5. मोजायचं, हातानं ओळखायचं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा डबा मागवला, तोही चण्यांचाच.

कार्ड 7 त्यांचं. घट्ट दही घुसळून त्यात गार पाणी, खारवून पिळलेली काकडी, पुदिना, भरड कुटलेले अक्रोड, लसणाची अर्धी पाकळी. सूपच, पण शेगडीविना. मीठ फ्रीजमधून काढल्यावर चाखून घाला. गार पदार्थाची चव जिभेला मंद लागते, कोमट असताना बेताचं वाटलेलं मीठ नंतर कमी पडतं.

विषय निघालाच आहे तर भाताचंही सांगते. गार भाताचं सॅलड उत्तम लागतं, पण भात उरला म्हणून नव्हे, ठरवून करा. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की जागे होतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. ताटात पसरा, निवला की लगेच फ्रीजमध्ये. शिजलेलं अन्न 2 तासांवर बाहेर नको, पारा 32 च्या वर असेल तर एकच तास. चणेही उन्हाळ्यात फ्रीजमध्येच भिजवा, ओट्यावर रात्रीत आंबतात. दुकानात हे ऐकून लोक घड्याळ बघतात. मी सांगत राहते.

आता प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असते : कोणता ट्रे, किती वाजता किती अंश, कोणी मोजलं. मोजणाऱ्याची सही. मी मोजलं असेल तर माझी.

गेल्या उन्हाळ्यात एक मागणी आली. पत्ता ओळखीचा. "कार्ड 1, दोन माणसांचं. चणे नकोत." मी स्वतः भरला तो डबा. टोमॅटो निवडून, पिकलेले. चणे घातले नाहीत. चण्यांच्या ट्रेची चिठ्ठी मात्र घातली, माझ्या सहीची.