केमो-रेडिएशन एकत्र, फायली मात्र दोन: माझा अनुभव

काकांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ठाण्यात उपचार झाले. आजारापेक्षा कॅशलेसच्या मंजुरीनं जास्त छळलं, म्हणून हे लिहितोय. हॉस्पिटलचं आणि विमा कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.

निदान होतं नॉन-स्मॉल सेल (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार), तिसरी स्टेज. छातीच्या मधल्या लिम्फ नोड्सपर्यंत पसरलेला, काकांच्या बाबतीत ऑपरेशन बाद. अशा वेळी पेशंटला झेपणार असेल तर केमो आणि रेडिएशन एकाच काळात देतात. रेडिएशन ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक): रोज २ ग्रे, ३० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. जोडीला आठवड्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं. केमोमुळे गाठीवर किरणांचा मारा जास्त लागू पडतो, त्यामुळे एक संपवून दुसरं देण्यापेक्षा गुण जास्त येतो. त्रासही जास्त होतो. (चौथ्या स्टेजला हे गणित लागू नाही, तिथे उपचारांचा रस्ताच वेगळा.) पेट स्कॅन, मेंदूचा एमआरआय, पीएफटी (फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी) हे सगळं सुरळीत पार पडलं.

घोडं अडलं टीपीए डेस्कवर, म्हणजे हॉस्पिटलमधल्या विम्याचे कागद बघणाऱ्या खिडकीवर.

डेस्कनं दोन फायली केल्या. केमोची डे-केअरमध्ये, रेडिएशनची पॅकेज म्हणून. केमो लगेच मंजूर. रेडिएशनवर क्वेरी: ऑपरेशन का नाही? उत्तर गेलं, तर दुसरी क्वेरी: पेशंट ॲडमिट नाही, मग कॅशलेस कसं? तेही निस्तरलं, तर तिसरी: आयएमआरटीच (किरण गाठीच्या आकाराबरहुकूम देण्याची पद्धत) का, साधं रेडिएशन का नाही? तिन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आले असते! हॉस्पिटल म्हणतं 'पाठवलं', कंपनी म्हणते 'मिळालं नाही', आणि आपण मधे लोंबकळत.

वर डेस्कवरून सल्ला, 'केमो मंजूर आहे ना, ती तरी सुरू करा.' हे अजिबात ऐकू नका. केमो पुढे निघून गेली आणि रेडिएशन मागे राहिलं, तर एकत्र देण्याचा मूळ हेतूच गेला. आमच्या डॉक्टरांनी ठाम नकार दिला, ते बरं झालं. उशिराचा दुसरा तोटा असा की प्लॅनिंगचा सीटी झालेला असतो. हात डोक्यावर घेऊन, व्हॅक्यूमच्या गादीत झोपवून, छातीवर खुणा करून तो काढतात आणि अख्खा प्लॅन त्यावरच बेततात. मधल्या काळात गाठ वाढली किंवा वजन घटलं तर तो सीटी पुन्हा काढावा लागतो. शाईच्या खुणा असतील तर तिथे साबण लावून चोळू नका.

गाडी हलली ती एका पत्रानं. ऑन्कोलॉजिस्टच्या लेटरहेडवर हे सगळं एकत्र हवं: टीएनएम स्टेज (गाठ, लिम्फ नोड आणि पसरण यांवरून ठरणारी), ट्यूमर बोर्डाचा (वेगवेगळ्या कॅन्सरतज्ज्ञांच्या बैठकीचा) निर्णय आणि ऑपरेशन का शक्य नाही, 'केमो व रेडिएशन एकाच वेळी, एकच उपचार' असं स्पष्ट वाक्य, एकूण ग्रे आणि सिटिंग, आयएमआरटीचं कारण (निरोगी फुफ्फुस, हृदय आणि अन्ननलिका वाचवणं), केमोची औषधं, डोस, तारखा. सोबत बायोप्सी आणि पेटचा रिपोर्ट. दोन्ही फायलींना हेच पत्र जोडा आणि एकीवर दुसरीचा क्लेम नंबर लिहायला लावा. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायला हवा. हा मुद्दा ईमेलमध्ये लिहिला की उत्तराचा सूर बदलतो. नाहीच बदलला तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' या तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार करा. फोनवरच्या आश्वासनाला काडीची किंमत नाही. कागद विमा कंपनीच्या पोर्टलवर 'सबमिट' झाल्याचा फोटो डेस्ककडून मागून घ्या.

सहा आठवड्यांत सिटिंग चुकवायचं नाही, खंड पडला की गाठीला पुन्हा डोकं वर काढायला वाव मिळतो. मशीन बंद पडलं किंवा सुट्टी आली तर ते सिटिंग कधी भरून काढणार, हे त्याच दिवशी विचारा.

केमोच्या आदल्या दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीच्या कामावर ठरतो, जुना रिपोर्ट चालत नाही. पॅक्लिटॅक्सेलची रिॲक्शन आली तर बहुधा पहिल्या-दुसऱ्या डोसला, सुरुवातीच्या काही मिनिटांतच येते. तेव्हा चहाला जाऊ नका, शेजारीच बसा. घरी ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गिळताना जळजळ सुरू होते, कारण अन्ननलिका किरणांच्या वाटेत येते. डॉक्टरांकडून बधिर करणारं अँटासिड जेल लिहून घ्या आणि जेवणाच्या थोडं आधी द्या. तिखट आणि कढत चहा बंद. मऊ मुगाची खिचडी, पेज, दूध, नरम अंडं. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावर) ईजीएफआर (गाठीच्या जनुकातला बदल) आणि पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) तपासणी सुरुवातीलाच पाठवा. केमो-रेडिएशननंतर आजार आटोक्यात असेल तर पुढे ड्युर्व्हालुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) वर्षभरापर्यंत देतात, आणि ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं. ईजीएफआरमध्ये बदल निघाला तर त्याऐवजी ओसिमर्टिनिब या गोळीचा विचार होतो. औषध महाग, म्हणजे त्याच्या मंजुरीची फाइल रेडिएशन चालू असतानाच तयार ठेवा.

लोकलनं ये-जा असेल, ट्रान्स-हार्बर लाइननं खारघरला ॲक्ट्रेकला (टाटा मेमोरियलच्या केंद्रात) जाणारे पेशंटही पुष्कळ असतात, तर कॅन्सरच्या पेशंटला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा.

उपचार संपल्यावर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, दम किंवा बारीक ताप आला तर नाक्यावरच्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक घेत बसू नका. रेडिएशनमुळे फुफ्फुसाला सूज आलेली असू शकते. तिला बहुधा स्टेरॉइड लागतं, आणि ते रेडिएशनच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.