४ ओहमचे स्पीकर घेताय? मग वॅट नंतर बघा, आधी करंट बघा

स्पीकर ऐकले, आवडले, घ्यायचे ठरले आणि मग मागे ४ ओहम (स्पीकरचा करंटला होणारा अडथळा, म्हणजेच इम्पीडन्स) लिहिलेलं दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला, होम थिएटरच्या रिसीव्हरला (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्पवाला डबा) हे झेपतील का? आणि लगेच कोणीतरी सांगतं की अरे १०० वॅटचा आहे ना, मग जोड बिनधास्त. मला हे उत्तर अजिबात पटत नाही.

रिसीव्हर व्होल्टेज देतो, करंट किती ओढायचा ते स्पीकर ठरवतो. ८ ओहममध्ये १०० वॅट जायला साधारण २८ व्होल्ट लागतात आणि करंट होतो साडेतीन अँपिअर. तेच २८ व्होल्ट ४ ओहमला दिले की करंट सात अँपिअर, पॉवर २०० वॅट. कागदावर मस्त दिसतं, पण एकाच डब्यात सात किंवा नऊ चॅनेल, सगळ्यांना मिळून पॉवर सप्लाय एकच, हीटसिंकही जेमतेम, तर तो करंट येणार कुठून आणि ती उष्णता जाणार कुठे? म्हणून मग ऐन मारामारीच्या सीनला आवाज कर्कश होतो किंवा कट्ट होऊन रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.

त्यात हा ४ चा आकडासुद्धा नुसता नाममात्र. इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे सतत वरखाली होत असतो, कुठे २० ओहमच्या वर जाईल तर कुठे साडेतीनवर येईल. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे तो नाममात्र आकड्याच्या ८०% च्या खाली जायला नको, म्हणजे ४ वाला ३.२ पर्यंत, पण सगळ्या कंपन्या हे पाळतात असं नाही आणि ८ ओहम छापलेले काही स्पीकरही प्रत्यक्षात ४ च्या आसपास उतरतात. शिवाय फेज, म्हणजे व्होल्टेज आणि करंट एकमेकांच्या किती मागेपुढे चालतात ते. व्होल्टेज आणि करंट एकमेकांपासून सरकले की आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये जास्त उष्णता साठते, त्यामुळे ३.५ ओहम आणि मोठा फेज अँगल एकाच फ्रिक्वेन्सीला आले तर ते सरळ ३.५ ओहमपेक्षा खूप जड पडतं. म्हणून मी तर म्हणेन की स्पीकरचा मोजलेला इम्पीडन्स ग्राफ कुठे मिळत असेल तर तो बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका, विशेषतः बेसच्या भागात तो किती खाली जातो ते.

सेन्सिटिव्हिटीचंही (तेवढ्याच सिग्नलला स्पीकर किती मोठ्याने वाजतो) तसंच. २.८३ व्होल्टला ८८ डीबी लिहिलं असेल तर ८ ओहमला तो १ वॅट असतो, ४ ओहमला २ वॅट, म्हणजे १ वॅटच्या हिशोबात तो स्पीकर ८५ चाच.

आता रिसीव्हरचं स्पेसिफिकेशन. मोठ्या अक्षरात जो वॅटचा आकडा असतो तो बऱ्याचदा ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १०% डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) आणि एकच चॅनेल चालू असा मोजलेला असतो, त्याकडे लक्ष देऊ नका. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, डिस्टॉर्शन ०.१% च्या आत, ही ओळ शोधा. आणि मॅन्युअलमध्ये ४ ओहमला परवानगी आहे का, आहे तर सगळ्या चॅनेलना की फक्त फ्रंटला, हे नीट वाचा. वजन उचलून बघणं हीसुद्धा वाईट पद्धत नाही, क्लास एबी (जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पच्या) रिसीव्हरमध्ये जड म्हणजे बहुतेक वेळा मोठा ट्रान्सफॉर्मर (क्लास डी, म्हणजे हलका स्विचिंग अ‍ॅम्प असेल तर हा नियम सोडून द्या).

काही रिसीव्हरमध्ये इम्पीडन्सची सेटिंग असते, ८ चं ४ किंवा ६ करा म्हणून. ती केली की रिसीव्हर ताकदवान होतो असं खूप जणांना वाटतं, पण होतं उलटं, बऱ्याच मॉडेलमध्ये आतलं सप्लाय व्होल्टेज कमी केलं जातं, म्हणजे तापतो कमी आणि क्लिपिंग (जोरात वाजताना सिग्नलची टोकं कापली जाणं) लवकर येतं. सुरक्षिततेसाठी ती सोय ठीक, पण ज्या रिसीव्हरला ४ ओहमसाठी हीच कुबडी लागते तो मी अशा स्पीकरसाठी निवडणार नाही.

रिसीव्हर आधीच घरात असेल तर सबवूफर असताना रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवा, बेसचं जड काम सबच्या स्वतःच्या अ‍ॅम्पकडे जातं आणि रिसीव्हरला खरंच श्वास घेता येतो. रिसीव्हरच्या वर चार बोटं तरी मोकळी जागा ठेवा. आणि प्री-आउट (वेगळा अ‍ॅम्प जोडायची मागची सॉकेट) असतील तर सगळ्यात उत्तम, फ्रंटच्या तिघांना (डावा, मधला, उजवा) ४ ओहमला रेटेड वेगळा पॉवर अ‍ॅम्प द्या, सराउंड रिसीव्हर सांभाळेल. म्हणून नवीन रिसीव्हर घेताना वीस वॅट जास्त देणाऱ्यापेक्षा प्री-आउटवाला मी केव्हाही आधी उचलेन.

एक मात्र करू नका, ओहम वाढवायला स्पीकरला सिरीजमध्ये रेझिस्टर लावणं. इम्पीडन्स वरखाली होतो तसा रेझिस्टरवरचा व्होल्टेजही बदलतो, त्यामुळे जिथे इम्पीडन्स कमी तिथे आवाज दबतो, जिथे जास्त तिथे उठून येतो, आणि ज्या आवाजासाठी स्पीकर निवडले तोच राहत नाही.