माफाकचे ब्रेक

ल्योंमध्ये जुन्या बाजारात सत्तरच्या दशकातली प्युजो सायकल घेतली, ती खरं तर ब्रेक बघूनच. माफाक कंपनीचे ‘रेसर’ ब्रेक, फ्रान्समध्येच क्लेरमाँ-फेराँला बनलेले. लिव्हरची तार मधोमध खाली येते, तिच्या टोकाचा आकडा आडवी तार वर ओढतो आणि ब्रेकच्या दोन्ही भुजा आपापल्या खिळ्यावर फिरतात. ओढ दोन्हीकडे सारखी. भुजा लांब, त्यामुळे मडगार्ड लावूनही चाकापाशी जागा उरते.

पहिल्याच दिवशी क्रुआ-रूसच्या उतारावर ते असे किंचाळले की पोटात धस्स झालं. घरी येऊन रिमवर दाबली जाणारी ब्रेकची रबरं बघितली. माफाकमध्ये रबराचा दांडा बोल्टच्या भोकातून जातो. नट सैल केला की तो पुढे-मागे सरकतो, फिरतो, तिरकाही होतो. रबराच्या मागच्या टोकाशी पुठ्ठ्याचा तुकडा धरून पुढचं टोक रिमला आधी टेकेल असं बसवलं, नट आवळला. नवी रबरं आणि नवी तारही घातली.

आजच्या सायकलींवरच्या ड्युअल-पिव्होट प्रकारच्या ब्रेकइतका जोर यांच्यात नाही, पावसात तर नाहीच. पण बोटांनी हळूहळू दाबत गेलं की वेग तसाच हळूहळू उतरतो, अगदी हवा तेवढा. मला ते फार आवडतं. आता उतारावर फक्त चेनचा आवाज येतो.