नळीवालं ओआरएस

मेडिकलच्या काउंटरला 14 वर्षं झाली मला, कराडजवळ आहे दुकान. मे 2025 मधली गोष्ट. भर दुपारी एक आजी आल्या, तीन वर्षांच्या नातवाला सकाळपासून जुलाब, डॉक्टरनी ओआरएस सांगितलेलं. मी पुडा काढला तर म्हणतात, "ते खारट पाणी थुकतंय रं बाळा, ते नळीचं दे की, त्येच्यावर पण त्येच लिवलंय." आणि लिहिलं होतंच, मोठ्ठ्या अक्षरात, बाजूला संत्र्याचा फोटो. गर्दी होती, दिले चार टेट्रापॅक आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. खोटं कशाला बोलू, पुड्यापेक्षा त्यात मार्जिन पण बरं सुटायचं.

दुसऱ्या दिवशी परत त्याच आजी, अजून चार दे म्हणून. "आवडीनं पितंय, पण जुलाब काय थांबंनात, डोळं आत गेल्यात त्येचं." धस्स झालं मला. फार्मसी शिकलेला माणूस मी, आणि लाज वाटते सांगायला, तो पॅक तेव्हा पहिल्यांदा उलटा करून वाचला. मागे बारीक इंग्रजीत, की हे डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याचं ओआरएस नाही! हे आजींना कोण वाचून दाखवणार? साखर लिटरच्या हिशोबाने शंभर ग्रॅमच्या वर. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला ग्लुकोज 13.5 ग्रॅम आणि मीठ 2.6 ग्रॅम, म्हणून तर ते खारट लागतं, आणि काम पण त्या मापामुळेच होतं, दोन्ही प्रमाणात असली की आतडं पाणी शोषून घेतं, साखर भरमसाठ झाली की उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

आजींना रिक्षा करून दिली, म्हटलं आधी पोराला दवाखान्यात न्या. सलाईन लागलं, दोन दिवसांनी घरी आलं.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यावर आठ वर्षं भांडत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. बारीक सूचना छापा आणि ओआरएस नाव खुशाल वापरा, अशी सूट एफएसएसएआयनेच, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच, 2022 मध्ये दिलेली, ती ऑक्टोबर 2025 मध्ये काढून घेतली.

परवा एकजण आला, पोरीला जुलाब, काउंटरवरच्या ज्यूसकडे बोट दाखवून म्हणतो, "ते नळीवालं ओआरएस द्या." मी पुडा दिला, सोबत लिटरची पाण्याची बाटली, सगळा पुडा एकदम हिच्यात टाका आणि चमच्याचमच्याने पाजा म्हणून सांगितलं, तर बाटलीचे पैसे वेगळे कशाला यावरून दहा मिनिटं वाद घालत बसला.