उजवा हात गप्प बसेना : हॉकीचा चौथा महिना

मागच्या वेळी लिहिलं होतं की येणारा बॉल थांबवणं जमायला लागलंय, आता पास आणि हिटकडे वळणार. वळलो, आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की वीस वर्षं गल्ली क्रिकेट खेळल्याची किंमत आता चुकती करायचीय.

कोल्हापुरात चौतिसाव्या वर्षी हॉकी शिकतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "फुटबॉल का नाही?" इथल्या फुटबॉलवेड्या पेठेतल्या माणसाला तो पडणारच. पण माझं ऑफिस लाईन बझारच्या बाजूला, आणि तिथली पोरं लहानपणापासून हातात स्टिक घेऊन फिरतात. संध्याकाळी त्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी मी उभा असतो.

अडचण उजव्या हाताची आहे. क्रिकेटमध्येही डावा हात वर, उजवा खाली, म्हणून पकड पहिल्या दिवशी सोपी वाटली आणि तिथंच फसलो. बॅटवर दोन्ही हात चिकटून असतात आणि फटका मारायचा म्हटलं की माझा खालचा हात आधी धावतो. इथं स्टिकच्या वरच्या टोकाला डावा हात, फिरवायचं काम त्याचं. उजवा मधे, नुसती कडी केल्यासारखा सैल. त्या कडीतून दांडा फिरला पाहिजे. स्टिकची एकच बाजू सपाट आणि गोल बाजूनं खेळलं की फाउल, त्यामुळे हे फिरवणं सारखंच चालू. (डावखुऱ्यांनाही हीच स्टिक, वेगळी सोय नाही.) मी मात्र उजवी मूठ आवळून बसलेलो. सर दोन दिवस नुसतं बघत होते. मग म्हणाले, "तुझा उजवा हात लई शाणा हाय. त्याला जरा गप बसव."

पुशमध्ये, म्हणजे बॉल न मारता ढकलून पास देताना, त्याला काम मिळतं, पण शेवटी. डावा खांदा ज्याला पास द्यायचा त्याच्याकडे, गुडघे वाकलेले, स्टिक बॉलला टेकवूनच सुरुवात. अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर जातो, डावा हात दांड्याचं टोक किंचित मागं घेतो आणि उजवा पुढं ढकलतो. खरा पुश मुका असतो. 'टक्' ऐकू आलं म्हणजे स्टिक आणि बॉलमध्ये फट होती, आपण ढकललं नाही, मारलं. हे कळल्यापासून मी बॉलकडे कमी बघतो, कान जास्त देतो. पंधरा पावलांवर दोन चपला (कोल्हापुरी नव्हे, प्लॅस्टिकच्या) मीटरभर अंतरानं ठेवून मोजतो. पहिल्या आठवड्यात 20 पैकी 6 मधून गेले, आता 15 जातात. डावीकडे जाणारे सगळे 'टक्'वाले.

हिटमध्ये उलटं. उजवा हात वर सरकून डाव्याला चिकटला पाहिजे. इथं क्रिकेट कामी येईल असं वाटलं होतं. बॉलचं वजनसुद्धा 156 ते 163 ग्रॅम, लेदर बॉलइतकंच. पण माझा प्रत्येक हिट उचलला जायचा. एकदा बॉल सातवीतल्या एका पोराच्या नडगीवर बसला. शिनगार्ड होतं म्हणून वाचलो. नडगी चोळत तो शांतपणे म्हणाला, "काका, खाली मारा की." डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धगोलात) गोलवर मारताना सोडून हिट मुद्दाम उचलायला नियमातही परवानगी नाही, आणि मी तर नकळत रोज उचलत होतो.

कारण सापडायला दहा दिवस गेले. मी मागच्या पायावर रेलून, बॉलच्या खालून स्टिक घालत होतो. आता डावा पाय बॉलच्या शेजारी पडतो, बॉल डाव्या टाचेच्या रेषेत राहतो आणि स्टिक लागते त्या क्षणी हात बॉलच्या जरा पुढं असतात. सरांचा उपाय सोपा आणि दुखरा : आधी दहा हिट एकट्या डाव्या हातानं, मगच उजवा लावायचा. पहिले दोन दिवस डावं मनगट चहाचा कप धरायला तयार नव्हतं.

स्लॅप मला सगळ्यात आवडला. हात पुशसारखेच लांब, पण स्टिक जमिनीलगत मागं नेऊन मारायची. पकड बदलण्यात वेळ जात नाही आणि पुशपेक्षा जोर मिळतो. डाव्या हाताची बोटं मात्र मातीवर घासून निघतात, ग्लोव्ह घ्याच.

मधले दोन आठवडे पावसात गेले. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली, मैदानाचा चिखल. पार्किंगमध्ये टेनिस बॉलनं भिंतीवर पुश करत बसलो, शेजारच्या काकूंनी दोनदा वरून डोकावून बघितलं. नंतर एकदा तासभर टर्फवर खेळायला मिळालं. मोठी हॉकी 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदानावर गेली, मी अजून मातीवरचा; टर्फवर बॉल जास्त पळतो, त्यामुळे माझे मातीच्या मापाचे पास सगळे समोरच्याच्या पुढून बाहेर गेले.

उभ्याउभ्या हिट बरी बसते. पळता पळता दहापैकी तीनच, बाकीच्या वेळी पाय चुकतो. रिव्हर्स हिट (स्टिक उलटी फिरवून कडेनं मारायची ती) कधी शिकवणार, असं परवा विचारलं. सर म्हणाले, "दिवाळीनंतर." कुठल्या, ते सांगितलं नाही.